रे, डॉनल्ड जेम्स मॅके, लॉर्ड

(२२ डिसेंबर १८३९–१ ऑगस्ट १९२१). मुंबई इलाख्याचा गव्हर्नर (१८८५–९०), शिक्षणतज्ज्ञ व विद्याकलांचा पुरस्कर्ता ब्रिटिश उमराव. त्याचा जन्म नेदर्लंड्समधील द हेग येथे एका मूळच्या स्कॉटिश घराण्यात झाला. लायडन विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर (१८६१) तो डच संसदेचा सदस्य झाला (१८७१–७५). त्यानंतर तो ब्रिटनमध्ये स्थायिक झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर तो अकरावा लॉर्ड रे झाला (१८७६) आणि पुढील वर्षी त्याने ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. १८८१ मध्ये युनायटेड किंग्डमच्या सरदारवर्गात त्याचा समावेश झाला.

मार्च १८८५ मध्ये त्याने मुंबईच्या गव्हर्नरपदाची सूत्रे हाती घेतली. इलाख्यातील पाश्चात्त्य शिक्षण तोवर मुख्यतः पुस्तकी होते. कापडगिरण्या वाढल्या, तरी त्यांतील यंत्रे जाणणारा एतद्देशीय वर्ग फारसा निर्माण झाला नव्हता. ही उणीव ओळखून रेने तंत्रशिक्षणास चालना दिली. १८८७ मध्ये मुंबईत ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली. रिपन स्मारकनिधी, दिनशा माणेकजी पेटिट यांचे साहाय्य आणि सरकारी अनुदान यांचा मेळ तिच्या उभारणीत आढळतो. प्रारंभी भायखळ्यास असलेली ही संस्था १९२३ मध्ये माटुंग्यास गेली व १९९७ पासून वीरमाता जिजाबाई यांच्या नावाने ओळखली जाते. कलाक्षेत्रात, सर जे. जे. कलाशाळेत हस्तव्यवसायांच्या शिक्षणासाठी निघालेल्या कर्मशाळांना (१८९१) त्याचेच नाव देण्यात आले. पुण्यातील औद्योगिक वस्तुसंग्रहालयही त्याच्या नावाशी जोडले गेले.

या कारकीर्दीस दुसरी बाजूही आहे. पुण्याच्या नव्या मंडईला त्याचे नाव देण्यात आले (१८८६). परंतु तिच्यावरील खर्चास महात्मा जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. शेतकरी व कष्टकरी वर्गाच्या प्राथमिक शिक्षणास अग्रक्रम द्यावा, अशी मागणी त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. रेच्या काळात उभ्या राहिलेल्या संस्था मुख्यतः शहरांत होत्या व त्यांचा लाभ थोडेफार शिकलेल्यांना झाला. फुले यांनी उपस्थित केलेला प्रश्न त्यांमुळे सुटला नाही.

प्रशासनात तो न्यायनिष्ठुर म्हणून ओळखला गेला. मध्य विभागाचा आयुक्त आर्थर क्रॉफर्ड याच्यावरील लाचलुचपतीच्या आरोपांची चौकशी त्याने केली (१८८८). एका वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याविरुद्धची ही कारवाई त्या काळी असामान्य होती. लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांना दिलेले अभयवचन मात्र पुढे वादग्रस्त ठरले. लोकमान्य टिळक यांनी मामलेदारांची बाजू हिरिरीने मांडली. हंटर आयोगाचा अध्यक्ष विल्यम विल्सन हंटर याने रेच्या राजवटीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला (१८९२).

एप्रिल १८९० मध्ये तो मायदेशी परतला. काही काळ तो भारतमंत्र्याचा उपमंत्री होता (१८९४–९५). लंडन स्कूल बोर्डचे अध्यक्षपदही त्याने भूषविले (१८९७–१९०४). १८९३ पासून मृत्यूपर्यंत तो रॉयल एशियाटिक सोसायटीचा अध्यक्ष होता. मानव्यविद्यांसाठी स्थापन झालेल्या ब्रिटिश अकादमीचा तो पहिला अध्यक्ष होय. तो निपुत्रिक होता. स्कॉटलंडमधील कॅरोलसाइड येथे त्याचे निधन झाले.

पुण्याची मंडई व औद्योगिक संग्रहालय यांना पुढे महात्मा फुले यांचेच नाव मिळाले. मुंबईत १९१० मध्ये सुरू झालेल्या रे रोड स्थानकाच्या नावात त्याची स्मृती राहिली. १९९३ मध्ये सीबीडी बेलापूरपर्यंत पोहोचलेल्या हार्बर मार्गावर हे स्थानक येते. तथापि रेचे खरे कार्य नामफलकांपेक्षा तंत्रशिक्षणाच्या परंपरेत आढळते. खाजगी देणगीला शासकीय अनुदानाची जोड देऊन कायम टिकणारी विद्यासंस्था उभारता येते, हे त्या परंपरेने दाखवून दिले.