बुरशीचा आठवडा

राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या कचेऱ्यांतून काम करणाऱ्या नानादेशीय अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकवायचे कसे, या अडचणीतून १९२४ साली जिनीव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. त्याच नगरीत १९६८ साली इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली, आणि १९९७ मध्ये तिने तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जो प्राथमिक अभ्यासक्रम सुरू केला, तो आज मुंबई-पुण्याच्याही अनेक शाळांनी स्वीकारला आहे. त्यात ‘आपण कोण आहोत’, ‘जग कसे चालते’ असे सहा व्यापक विषय असून, गणित, भाषा, विज्ञान आणि चित्रकला यांचे तास त्यांच्याभोवती गुंफलेले असतात.

‘जग कसे चालते’ या विषयाखाली अशा वर्गांतून पावाच्या बुरशीचा प्रयोग पुष्कळदा होतो. सोमवारी मुले पावाचे काप घेतात; एकाला न धुतलेले हात लावायचे, एकाला साबणाने धुतलेले, एक बाकावरून फिरवायचा, एकाला मुळीच शिवायचे नाही; मग प्रत्येकावर थोडे पाणी शिंपडून तो पारदर्शक पिशवीत बंद करायचा आणि कोणत्या कापावर बुरशी आधी येईल याचा अंदाज, कारणासह, वहीत नोंदवायचा. पिशवी पुन्हा उघडायची नाही, हा मात्र सक्त हुकूम असतो, कारण बुरशीचे बीजाणू श्वासावाटे आत जाणे बरे नव्हे.

मंगळवारी-बुधवारी पावावर बहुधा काहीच दिसत नाही. त्या अवधीत मुले शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन अन्न कसे साठवतात ते पाहतात, आणि निरनिराळ्या देशांतून आलेली मुले आपल्या घरच्या युक्त्या सांगतात. कोरियन मुलाची किमची आणि मराठी मुलीच्या आजीचे लोणचे शेजारी-शेजारी येतात, तेव्हा मिठाचे काम दोघांनाही एकदमच उमगते.

गुरुवारी-शुक्रवारी हिरवट-करडा ठिपका उमटू लागतो आणि वर्गाचा खरा कस लागतो, कारण तो कधीकधी धुतलेल्या हातांच्या कापावरच आधी उमटतो. चौकटी आखलेला पारदर्शक कागद पिशवीवर ठेवून मुले ठिपक्याने व्यापलेल्या चौकटी मोजतात, आलेख काढतात, आणि मग वाद सुरू होतो: या कापावर पाणी जास्त पडले होते काय? हात धुतले, पण पुसले कशाने? हवेतले बीजाणू तर सगळ्याच कापांवर बसले असणार! एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सारे समान ठेवावे, हा विज्ञानाचा मूलभूत दंडक मुले येथे आपल्याच फसलेल्या अंदाजातून हस्तगत करतात. अशा वेळी उत्तर ठाऊक असूनही ते ओठांत आवरून धरणारी आणि ‘पुढच्या सोमवारी काय बदलून पाहूया?’ एवढेच विचारणारी शिक्षिका मला या साऱ्या पद्धतीचा प्राण वाटते. हा संयम अंगी बाणवणे फळ्यावर नियम लिहून देण्याहून कितीतरी कठीण असते.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात पाने, बिया, शंख-शिंपले हेच साहित्य होते. आंतरराष्ट्रीय शाळांची फी सामान्य गृहस्थाच्या आवाक्याबाहेरची असते, ही तक्रार रास्तच आहे. परंतु ती फी इमारतीची आणि नावाची असेल, पावाच्या कापांची खासच नव्हे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतही हा आठवडा तंतोतंत करता येईल, जर शिक्षकाला वेळापत्रकात तेवढी मोकळीक मिळाली तर.

म्हणून प्रवेशापूर्वी शाळा पाहायला जाणाऱ्या पालकांनी भिंतीवरच्या रंगीत तक्त्यांपाशी फार रेंगाळू नये. एखाद्या मुलाची नोंदवही मागून घ्यावी आणि सोमवारचा चुकलेला अंदाज तिच्यात तसाच राहू दिला आहे, की शिक्षकांनी तो खोडून बरोबर उत्तर उतरवून घेतले आहे, ते पाहावे.