घड्याळाच्या साखळीतली सोफी

तेरावा उरकला की समाचाराला येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, ‘आता सावरायला हवं.’ हाच सल्ला मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडच्याही नावावर खपवला जातो: गेलेल्या माणसातून मन काढून घ्या, की शोक संपला. ‘शोक आणि विषाद’ या त्याच्या १९१७ च्या निबंधात तसं काहीसं आहे, नाही असं नाही. एकेक आठवण वर येते आणि तिच्यात गुंतलेला जीव थोडाथोडा सुटतो, असं तो म्हणतो. पण शोक हा आजार नव्हे, त्यात ढवळाढवळ करू नये, हेही तिथेच लिहिलंय. ते कुणी सांगत नाही.

शोकाच्या त्या प्रसिद्ध पाच पायऱ्यांचा तर फ्रॉइडशी संबंधच नाही. त्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातल्या, त्याही मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या.

नैराश्य म्हणजे लांबलेलं दुःख, हा समज जास्त चिवट. फ्रॉइडच्या मते शोकात जग ओकंबोकं होतं. विषादात, म्हणजे आजच्या भाषेत नैराश्यात, माणूस स्वतःच्याच नजरेत कवडीमोल होतो. रात्रंदिवस स्वतःला दोष देतो. गंमत अशी की ते दोष त्याला धड लागू पडत नाहीत. ज्याच्यावर जीव होता त्याला मात्र चपखल बसतात. ‘माझ्यासारखी कुचकामी बायको यांच्या पदरात पडली’ म्हणून हळहळणारी बाई खरं तर नवऱ्यालाच कुचकामी म्हणत असते! बाहेर न निघालेला राग आत वळलेला असतो. अर्थात ही किल्ली प्रत्येक नैराश्याला लागत नाही. काही प्रकार शारीरिक असावेत, हे त्याने निबंधाच्या सुरुवातीलाच कबूल केलंय.

आणि खुद्द त्याचा शोक? जानेवारी १९२० मध्ये त्याची मुलगी सोफी हॅम्बुर्गला इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. वय २६, पोटात तिसरं मूल. रेल्वेगाड्या बंद होत्या; आईबापांना व्हिएन्नाहून अंत्यविधीलाही जाता आलं नाही. १९२९ मध्ये तिच्या वाढदिवसाच्या सुमारास त्याने लुडविग बिन्सवांगर या मित्राला पत्र लिहिलं. बिन्सवांगरचाही मुलगा गेला होता. शोकाची धार बोथट होते, पण ती जागा कशानेच भरत नाही आणि तसंच असायला हवं, असा त्याचा आशय.

पुढे १९३३ मध्ये हिल्डा डूलिटल ही अमेरिकन कवयित्री त्याच्याकडे उपचारांना जायची. बोलता बोलता त्या साथीचा विषय निघाला. मुलगी इथे आहे, असं म्हणत म्हाताऱ्याने घड्याळाच्या साखळीत अडकवलेलं इवलंसं लॉकेट तिला दाखवलं.