देखणी शेंडी, ओणवा विजेता
२३ जुलै १९८९. टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा: व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, एकेकट्याने. लॉरां फिन्यों ५० सेकंदांनी पुढे. फोटोत तो आजही देखणा दिसतो: गोल चष्मा, उघडं डोकं, वाऱ्यावर सोनेरी शेंडी. त्याचा प्रतिस्पर्धी ग्रेग लेमाँड मात्र लांबट हेल्मेट घालून, हँडलला जोडलेल्या दांड्यांवर कोपरं टेकवून, चमत्कारिक ओणवा. पण शर्यतीच्या वेगात बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. वेग दुप्पट करायचा तर त्यासाठी आठपट ताकद लागते. हात जवळ घेतले की वाऱ्याला आडवं येणारं अंग घटतं. लेमाँडने टूर जिंकली, ८ सेकंदांनी! सगळं श्रेय दांड्यांना देणं मला पटत नाही. फिन्योंला बैठकीच्या जागी फोडही आला होता.