हरेगावची मतमाऊली

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

हरेगावला मी पहिल्यांदा गेलो तो १९७६ साली, दादीचे बोट धरून. मी सात वर्षांचा होतो. धाकटी बहीण तापाने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांचे औषध चालू होते, मौलवीसाहेबांनी दम केलेले पाणी चालू होते आणि कोणीतरी दादीला सांगितले होते की, हरेगावच्या माऊलीला एकदा बोलून ये. दादी निघाली. तिच्या लेखी ती परकी नव्हतीच. ती बीबी मरियम होती. कुरआनात नावानिशी उल्लेख आलेली स्त्री एकच, ती मरियम. एकोणिसावा सूरा तिच्याच नावाने आहे. दादीला अक्षरओळख नव्हती, पण एवढे ठाऊक होते.

श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव आपल्यापैकी अनेकांना सप्टेंबरच्या यात्रेमुळे माहीत असते. ‘मतमाऊलीचे चर्च’ असेच लोक म्हणतात. पण चर्च आहे संत तेरेजा यांच्या नावाचे. मतमाऊली ही तिथली यात्रेची देवी, असे आपण आपल्या भाषेत म्हणू. ख्रिस्ती माणूस मात्र तसे म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही ते पुढे सांगतो.

आधी गावाविषयी. भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांचे पाणी या कोरड्या मुलखात आले आणि पाण्यामागून ऊस आला. त्या पाण्याच्या भरवशावर १९२० च्या सुमारास बेलापूर कंपनीने हरेगावी साखर कारखाना उभा केला. लोणीचा सहकारी कारखाना १९५० चा, म्हणजे त्याच्या कितीतरी नंतरचा. श्रीरामपूर शहरदेखील त्या काळी ‘बेलापूर रोड’ होते. रेल्वेच्या फलकावर आजही बेलापूरच आहे. कंपनीला जमिनी लागल्या, त्या शेतकऱ्यांकडून गेल्या आणि परत मिळवण्यासाठी पिढ्या खर्ची पडल्या. तो एक वेगळाच विषय आहे. कंपनीला माणसेही लागली. ऊस लावायला, तोडायला, गाळपाच्या हंगामात पाळीवर राबायला. माझे आजोबा कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. त्यांच्याबरोबर राबणाऱ्यांत पुष्कळ जण ख्रिस्ती होते.

हे ख्रिस्ती आले कुठून? नगर जिल्ह्यात मिशनरी काम १८३१ मध्ये सुरू झाले, पण ते अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचे. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई राहुरीला राहिले ते याच परंपरेत. कॅथलिक धर्मगुरू इथे आले १८७८ च्या सुमारास, १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळाच्या पाठोपाठ. ते येशूसंघाचे जर्मन फादर होते आणि राहुरी तालुक्यातले केंदळ हे त्यांचे पहिले ठाणे. मग वळण, संगमनेर अशी केंद्रे वाढली. त्यांच्याकडे गेले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले लोक. भाकरीसाठी गेले असे म्हणणारे आहेत. माणूस म्हणून हाक मारली म्हणून गेले असेही म्हणणारे आहेत. मला वाटते, दुष्काळात या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा हे फादर जर्मन म्हणून सरकारच्या नजरेत शत्रू ठरले, नजरकैदेत पडले आणि मायदेशी पाठवले गेले. नगरातच तेव्हा जर्मनांची छावणी होती. ज्यांच्यासाठी ते आले होते त्या वस्त्या काही वर्षे जवळजवळ पोरक्या झाल्या. नंतर पुन्हा जर्मन आणि स्विस फादर आले. कारभाराने हा मुलूख १८८६ पासून पुणे धर्मप्रांतात होता. १९८७ साली नाशिक हा वेगळा धर्मप्रांत झाला आणि त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले थॉमस भालेराव. भालेराव हे आडनावच पुरेसे बोलके आहे.

‘धर्मप्रांत’, ‘महागुरुस्वामी’ हे शब्द ऐकून कित्येकांना नवल वाटते. बिशपला मराठी कॅथलिक महागुरुस्वामी म्हणतात, पॅरिशला धर्मग्राम. मला धर्मग्राम हा शब्द फार आवडतो. त्यात इमारत नाही, माणसे आहेत. एका फादरच्या देखरेखीखालच्या आसपासच्या गावांमिळून एक धर्मग्राम होतो. चर्च हे त्याचे फक्त घर. याच भाषेत ‘मिस्सा’ लॅटिनमधून आला, ‘पाद्री’ आणि ‘क्रूस’ पोर्तुगीजांकडून आले, आणि ‘माऊली’? ती इथलीच. हरेगावपासून नेवासे लांब नाही. त्याच प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सांगणाऱ्याला महाराष्ट्र माऊली म्हणू लागला. तो शब्द तिथून मरियेपर्यंत चालत आला.

‘मत’ या शब्दाचे कोडे मला बरीच वर्षे सुटले नव्हते. निवडणुकीच्या वर्षी पुढारी यात्रेला येतात तेव्हा लोक त्यावर कोटी करतात, ती सोडा. वांद्र्याच्या डोंगरावर माउंट मेरीचे चर्च आहे. तिथले कोळी तिला ‘मोत माऊली’ म्हणतात. म्हणजे मोत्यासारखी आई. किंवा ‘माउंट’चेच जिभेवर ‘मोत’ झाले असेल. त्याच मोताचे आपल्या घाटावर ‘मत’ झाले, असा माझा तर्क आहे. दोन्ही यात्रा सप्टेंबरातल्या, ८ तारखेच्या मरियेच्या जन्मदिनाला धरून येणाऱ्या. हरेगावची यात्रा १९४९ पासून भरते; २०२३ मध्ये तिचा अमृतमहोत्सव झाला.

चर्चमध्ये कधी न गेलेल्यांसाठी थोडे सांगतो. कुठलेही कॅथलिक चर्च घ्या, आत पाऊल टाकताच दाराशी पवित्र पाण्याचे भांडे असते. त्यात बोटे बुडवून कपाळ, छाती आणि दोन्ही खांद्यांवर क्रूसाची खूण करायची. आम्हाला वजूची सवय, त्यामुळे पाण्याचे हे स्थान मला लगेच उमगले. दोन्ही भिंतींवर चौदा चित्रे किंवा उठावाची शिल्पे असतात. ही क्रूसाची वाट: येशूला शिक्षा फर्मावली तिथपासून कबरीपर्यंतचे चौदा मुक्काम. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे हे पुस्तक. समोर वेदी. तिच्या जवळ एक लहानशी कुलूपबंद पेटी आणि पेटीपाशी अखंड तेवणारा दिवा. मिस्सात पवित्र केलेली भाकर त्या पेटीत असते आणि कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे तिथे ख्रिस्त स्वतः हजर असतो. म्हणून तिच्यासमोर गुडघा टेकायचा. आमच्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळींना हे पटत नाही, मूर्तीही पटत नाहीत. नगरच्या ख्रिस्ती घरांत या दोन पंथांचे वाद मी ऐकले आहेत. ते आमच्या घरातल्या दर्ग्यावरच्या वादासारखेच असतात.

आमच्या घरात दादीच्या हरेगाववारीवरूनही वाद झालाच. मागायचे ते अल्लाकडेच, दुसऱ्या कोणाकडे नाही, असे चुलत्यांचे म्हणणे. पुढे बी.ए.ला असताना मी हाच प्रश्न एका फादरना विचारला. ते म्हणाले, आमचेही तेच म्हणणे आहे. आराधना फक्त देवाची. मरियेचे वंदन असते आणि तिला सांगायचे असते की, आमच्यासाठी तू विनंती कर. म्हणूनच ख्रिस्ती माणूस तिला देवी म्हणणार नाही. आमच्यात याला वसीला म्हणतात. चुलत्यांचे समाधान झाले नाही. माझे झाले.

१९४९ साली पहिली यात्रा भरली तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती. उसाच्या फडातून आलेल्या माणसाला त्यातले एक अक्षर कळत नसणार. १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली. खरे तर फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ सालीच मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण लिहून ठेवले होते. वेदीवरच्या मिस्साला मराठीपर्यंत पोचायला साडेतीनशे वर्षे लागली. लॅटिनच्या त्या वर्षांत लोकांना कळणारा शब्द एकच असेल, माऊली. यात्रेची मुळे तिथे आहेत असे मला वाटते.

कुठल्याही धर्मग्रामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी वस्तू मात्र चर्चमध्ये नसते, ती फादरच्या कचेरीतल्या कपाटात असते. ती म्हणजे नोंदवही. स्नानसंस्कार आणि लग्न यांची नोंद प्रत्येक धर्मग्रामाने ठेवलीच पाहिजे, असा सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या परिषदेपासून चालत आलेला दंडक आहे. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, ज्यांना गाव फक्त जातीवरून हाक मारत होते, त्यांचे नाव, आईबापाचे नाव आणि तारीख कोणा परदेशी फादरने शाईने लिहून ठेवली. भूमिहीन माणसाची ही पहिली लेखी नोंद.

पण हीच वही वैरीही होते. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. आंबेडकर याच हरेगावात महार वतनदारांच्या परिषदेला आले होते. वतनाच्या नावाखाली चाललेल्या राबणुकीविरुद्धची ती परिषद. पुढे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली ती हिंदूंपुरती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. माझ्या एका वर्गमित्राला मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा हवा होता. शाळेचा दाखला मिळेना. फादरनी वही उघडून दिली. आजोबांचे नाव सापडले, तारीख सापडली, अक्षर मोत्यासारखे. आणि ते पान दाखवले तर मुलाचे नुकसानच होणार होते. त्याने पानावर हात ठेवला, थोडा वेळ बसला आणि नक्कल न मागता उठला. बाहेर येऊन म्हणाला, “आज्याचं नाव तरी बघाय मिळालं.”

माझी बहीण त्या वर्षी दिवाळीच्या आत गेली. पुढच्या सप्टेंबरात दादी पुन्हा हरेगावला निघाली, तेव्हा अम्मी चिडून म्हणाली, आता कशाला? दादी म्हणाली, “उनो नै दिये तो क्या हुआ, मैं तो बोली थी ना.” दोन मेणबत्त्या लावून येईन असे ती बोलली होती. तिने दोन लावल्या. मग मला रेवड्या घेऊन दिल्या आणि आम्ही एस.टी.ने परत आलो.

कारखान्याची धुराडी कधीच थंड झाली. यात्रेची गर्दी वाढतच गेली, आता ती लाखाच्या घरात असते. मुंबईपुण्याला पोटासाठी गेलेली कुटुंबे त्या दोन दिवसांसाठी परततात. पाळणे, भेळ, प्लास्टिकची खेळणी, ध्वनिक्षेपकावरून मराठी भजने, मैदानात मिस्सा. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे कोणी विचारत नाही. तुम्हाला जायचे असेल तर शनिवारी संध्याकाळी जा. रविवारी दुपारी गर्दीत मूर्ती दिसत नाही. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा एका अनोळखी बाईने मला उचलून धरले होते, आणि दादी खालून विचारत होती, “दिखी क्या रे? दिखी?”