भिंतीवरचं लिहिणं : खोडी की कला?



शाळेची भिंत नवी रंगवली की थोड्याच दिवसांत तिच्यावर एखाद्या पोट्ट्याचं नाव उमटतं. आपण रागावतो, पुसायला लावतो. आणि आपणच 'बोलक्या भिंती' रंगवून घेतो, तेव्हा कौतुक होतं. मग फरक नेमका कशात आहे?

ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात तरुण मुलं उंच इमारतींवर काळ्या, टोकदार अक्षरांत आपली आणि आपल्या गटाची नावं लिहितात. १९९८ च्या कायद्यानं असं लिहिणं गुन्हा ठरलं. २००८ मध्ये काही तरुण तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात घुसले आणि रिकाम्या भिंती रंगवल्या. तेव्हा अटक झाली. २०१० च्या प्रदर्शनात मात्र अशाच तरुणांना रीतसर निमंत्रण मिळालं. २०११ मध्ये कायदाही बदलला : मालकाच्या संमतीनं काढलेलं भित्तिचित्र आता तिथं गुन्हा नाही.

आपल्याकडेही मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा राज्याचा कायदा आहे. तरी २००९ मध्ये मुंबईत तुळशी पाईप रोडच्या लांबलचक भिंतीवर सामान्य लोकांनी महापालिकेच्या परवानगीनं चित्रं काढली. २०१४ मध्ये वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर दादासाहेब फाळके यांचं भव्य चित्र साकारलं. रंग तेच, भिंतही तशीच. परवानगी होती, एवढंच.

पण परवानगी प्रत्येक ठिकाणी मागता येत नाही. अजिंठ्याचं १० क्रमांकाचं लेणं बघा. तिथं दर्शनी भागाचं दान देणाऱ्याचा ब्राह्मी लेख आहे. तो दात्याचा मान आहे. त्याच लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ रोजी प्राचीन चित्रावरच आपलं नाव कोरलं. लेणी जगासमोर आणण्याचं श्रेय त्याला मिळतं, पण त्या जागचं चित्र कायमचं बिघडलं. जॉन स्मिथला परवानगी देणारं तिथं कोणीच नव्हतं.

म्हणून मुलांना नुसतं "भिंत घाण करू नको" म्हणून भागत नाही. नाव लिहिणाऱ्या लेकराला 'मीपण इथं आहे' एवढंच सांगायचं असतं. त्याला जागा द्या. व्हरांड्यातली एक भिंत काळ्या रंगानं रंगवून खडू ठेवा, दर सोमवारी ती पुसा. घरी दाराआड जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवली तरी चालते. सोबत तीन प्रश्न शिकवा : ही भिंत कोणाची? त्यांना विचारलं का? माझ्या लिहिण्याखाली काय झाकलं जाईल?

पुढची सहल चिखलदऱ्याला गेली, तर गाविलगडाच्या दरवाजासमोर हेच तीन प्रश्न मुलांना विचारा. उत्तरं त्यांनाच देऊ द्या.