चूल आपापली, अंगण सगळ्यांचं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत झाली, परतफेड झाली आणि शेवटचा विषय निघाला: सामाईक परसबाग बंद करणे. दहा जणींनी मिळून तीन गुंठ्यांत वांगी, मिरची, मेथी लावली होती. कडेला खुराडं करून पंधरा गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. आठ महिन्यांत कोंबड्या चारच उरल्या. दोघी-तिघींचं एकमेकींशी बोलणं बंद झालं. भांडण कशावरून, तर पाणी कोण घालतं आणि भाजी कोण नेतं यावरून. एक काकू म्हणाल्या, "सगळ्यांची म्हणजे कुणाचीच नाही गं पोरी."

अध्यक्षताईंनी ठराव लिहायला पेन काढलं, तेव्हा मी म्हटलं, एक महिना थांबा. म्हटलं खरं, पण थांबून काय करायचं हे मलाही माहीत नव्हतं. घरी येऊन कॉलेजच्या वह्या उघडल्या. एमएसडब्ल्यूला असताना डेन्मार्क देशातल्या सामाईक वस्त्यांबद्दल शिकलो होतो. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता परत वाचलं, तर त्या काकूंच्या बोलण्याला जोडून विचार करावा असं त्यात बरंच काही सापडलं. म्हणून हा लेख.

डेन्मार्क हा युरोपातला लहानसा, थंड देश. महाराष्ट्राचे सात भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. दूध-लोण्यासाठी नावाजलेला. १९६० नंतरच्या काळात तिथल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला जाऊ लागल्या. घरं मात्र सुटी सुटी, ज्याचं त्याला. कामावरून आलं की स्वयंपाक, मुलं, धुणं सगळं एकटीच्या अंगावर. (आपल्याला यात नवीन काही नाही.)

१९६४ मध्ये यान गुडमन-होयर नावाच्या आर्किटेक्टने मित्रमंडळी गोळा करून शेजारी शेजारी राहायचा बेत केला. जागा घेतली, पण आजूबाजूच्या लोकांनी विरोध केला. कारण काय, तर इतकी मुलं एका जागी आली की गोंगाट होईल! तो बेत तिथेच अडला. मग १९६७ मध्ये बोडिल ग्रो या लेखिकेने 'पोलिटिकेन' या मोठ्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. मुलांना शंभर आईबाप असावेत, अशा अर्थाचं त्याचं नाव होतं. तो वाचून पन्नासाहून जास्त कुटुंबं 'आम्हालाही असंच राहायचंय' म्हणत पुढे आली. त्यातून १९७२ मध्ये राजधानी कोपनहेगनच्या उत्तरेला सेटेडामेन ही २७ घरांची पहिली वस्ती उभी राहिली. ती आजही आहे. पुढे अशा पुष्कळ वस्त्या झाल्या, शहराजवळ झाल्या तशा शेतशिवारातही झाल्या. इंग्रजीत याला कोहाउसिंग म्हणतात.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं, आमच्याकडे एकत्र कुटुंब होतंच की. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण फरक चुलीचा आहे. आपल्याकडे चूल वेगळी मांडली म्हणजे भांडण झालं, घर फुटलं असं धरतात. या वस्त्यांत चूल पहिल्या दिवसापासून वेगळी असते. प्रत्येक कुटुंबाचं स्वतःचं पूर्ण घर, स्वतःचा ओटा, स्वतःची न्हाणी, दाराला आपली कडी. पैसा-अडका ज्याचा त्याचा. आणि एवढं झाल्यावर मग सगळ्यांचं मिळून एक मोठं घर. त्यात मोठं स्वयंपाकघर, सगळी वस्ती बसून जेवेल अशी खोली, कपडे धुण्याच्या मशीन, मुलांना खेळायला जागा. ज्याला यायचं तो येतो. ज्याला आज कुणाचं तोंड बघायची इच्छा नाही, तो आपल्या घरी रांधून खातो. त्यात कुणाचा अपमान होत नाही. एकत्र कुटुंबातल्या सुनेला ही मुभा कधी होती का, तुम्हीच सांगा.

आता स्वयंपाकाच्या पाळीचा हिशोब बघा, मला तो फार आवडला. समजा वस्तीत ४० मोठी माणसं आहेत. आठवड्यातून चार संध्याकाळी जेवण एकत्र. रोज दोघांनी मिळून रांधायचं. म्हणजे आठवड्याला आठ पाळ्या. ४० ला ८ ने भागलं की ५. एका माणसाची पाळी पाच आठवड्यांतून एकदाच येते. त्या दिवशी कंबरडं मोडतं, बाजार करायचा, सगळ्यांचं रांधायचं, वाढायचं. पण त्या पाच आठवड्यांतल्या उरलेल्या १९ संध्याकाळी ताट आयतं मिळतं. जेवायला कोण येणार त्याची नावं एक-दोन दिवस आधी कागदावर लिहायची, आणि खर्च जेवणाऱ्यांत वाटायचा. जो आला नाही त्याला पैसे नाहीत.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती सोडू नका. पाळी घराच्या नावावर नसते, माणसाच्या नावावर असते. घराच्या नावावर लावली असती तर काय झालं असतं? प्रत्येक घरातून बाईच आली असती. माणसाच्या नावावर लावल्यामुळे नवऱ्याचं नाव वेगळं, बायकोचं वेगळं. मंगळवारच्या रकान्यात त्याचं नाव आहे, तर मंगळवारी चाळीस जणांचं जेवण त्यालाच बघायचंय. एका वस्तीत तर दोन मोठी माणसं आणि एक मूल अशी तिघांची पाळी लावायचे, म्हणजे मुलांनाही लहानपणापासून सवय. आमच्या एका बैठकीत हे सांगितलं तेव्हा सगळ्या खूप हसल्या. हसून झाल्यावर एक जण हळूच म्हणाली, "लिहिलेलं असलं की बोलावं लागत नाही, नाही का?"

खेड्याकडच्या एका वस्तीबद्दल थोडं सांगते. कोपनहेगनच्या पश्चिमेला रोस्किल्ड शहराजवळ मुंक्सोगोर नावाची वस्ती आहे. २००० सालच्या सुमाराला एका जुन्या शेतवाडीवर बांधलेली. घरं १००, पण सगळी एका ढिगात नाहीत. वीस-वीस घरांच्या पाच वाड्या, आणि प्रत्येक वाडीचं आपलं सामाईक घर. एक वाडी वयस्कर माणसांची, एक तरुणांची, बाकीच्या मुलाबाळांच्या. मला वाटतं हा वीसचा आकडा महत्त्वाचा आहे. शंभर घरांची एक बैठक घेतली तर बोलणारे चारच राहतात. आपले गट दहा-वीस जणींचेच का ठेवतात, त्यामागेही हेच आहे. तिथे भाजीपाल्याचे वाफे आहेत, गाड्या काही जणांत मिळून वापरतात, आणि संडास असे बसवले होते की लघवी वेगळी साठावी आणि खत म्हणून शेताला जावी.

अशा वस्त्यांत कोंबड्या, मेंढ्या, बाग, दुरुस्ती यांचे छोटे छोटे कामगट असतात. कोंबडी-गटात सगळी वस्ती नसते. ज्यांना अंडी हवीत आणि ज्यांची पहाटे दार उघडायची तयारी आहे तेवढेच. सात जण असले की सोपं, प्रत्येकाचा एक वार. त्या दिवशी दाणा, पाणी, साफसफाई त्याची आणि त्या दिवशीची अंडीही त्याचीच. ना मोजणी, ना वाटणीची कटकट. ज्याने दार उघडलंच नाही, त्याला अंडी कुठून मिळणार?

संध्याकाळचं दार हे सगळ्यात अवघड. तिथे कोल्हे आहेत. अंधार पडायच्या आत खुराडं बंद झालं नाही तर सकाळी नुसती पिसं. आणि सूर्य तरी कसा, तर जूनमध्ये रात्री दहाला मावळतो आणि डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आतच. म्हणजे उन्हाळ्यात जागत बसायचं आणि हिवाळ्यात कामावरून लवकर यायचं. म्हणून नाव नेमून दिलेलं असावं लागतं. 'कुणीतरी लावेल' म्हटलं की कोल्ह्याची सोय होते. आपल्या त्या गटाच्या अकरा कोंबड्या अशाच गेल्या. मुंगूस, रानमांजर, काय असेल ते असो, दार उघडं होतं आणि त्या रात्री दार लावायचं कुणाचं होतं हे विचारल्यावर दहा जणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मोठ्या कामांसाठी वर्षातून काही दिवस ठरलेले असतात. सगळ्यांनी यायचं, कुंपण, रंग, फांद्या तोडणं उरकायचं, एकत्र जेवायचं. आपल्या इर्जिकीसारखंच म्हणा ना.

याच्याही पुढे गेलेले लोक आहेत. स्वानहोल्म नावाची एक मोठी जुनी जमीनदारी १९७८ मध्ये काही जणांनी मिळून विकत घेतली. तिथे चूल तर एक आहेच, कमाईही एक. पगार असो, शेतीचं उत्पन्न असो, सामाईक पेटीत जातं आणि प्रत्येकाला हातखर्च मिळतो. सेंद्रिय भाजी आणि दुधासाठी ते देशभर ओळखले जातात. निर्णय मतदानाने घेत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात. वाचायला छान वाटतं. पण माझं मत विचाराल तर आपण तिथून सुरुवात करू नये. बाईच्या हातात स्वतःच्या नावाचे चार पैसे आत्ता कुठे यायला लागलेत, ते लगेच एका पेटीत टाका असं मी तरी सांगणार नाही.

आणि सगळं गोड आहे असंही नाही. बैठका लांबतात. कुणी कामाच्या दिवशी बरोबर आजारी पडतो. काही लोक दोन-चार वर्षांत घर विकून निघून जातात. शिवाय ही माणसं पगारदार, शिकलेली. त्यांच्याकडे पाळणाघर, दवाखाना, म्हातारपणची पेन्शन सरकार बघतं. आपण त्यांची घरं उचलून आणू शकत नाही. तक्ता मात्र आणता येतो, त्याला एक कागद लागतो.

तर त्या गटाचं काय? मी काकूंना विचारलं, दहा जणींपैकी कोंबड्या खरंच कितींना हव्यात? मनात मोजून त्या म्हणाल्या, "सहा." मग बाकी चौघींना जबरदस्ती कशाला? त्यांना फक्त भाजीचे वाफे चालतील, किंवा तेही नको असेल तर त्यांनी गटात नुसती बचत करावी, त्यात कमीपणा नाही. आणि वाफे दहा जणींचे मिळून एक न ठेवता, प्रत्येकीचा आपला वाफा आणि पाण्याचा पाईप, कुंपण, खताचा खड्डा तेवढा सामाईक, असं केलं तर? काकू म्हणाल्या, "मग भाजी कोण नेतं हा प्रश्नच राहत नाही की."

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. वार सात आणि बाया सहा. रविवारी बाजार, रविवारी पाहुणे, रविवार कुणालाच नको. रविवार फिरता ठेवायचा, की ज्या घरातले बाप्ये अंडी खातात त्यांच्या नावावर टाकायचा, यावर १२ तारखेच्या बैठकीत बोलायचं ठरलंय. दुसरी सूचना काकूंचीच आहे. मी कोरा तक्ता आणि जाड मार्कर घेऊन जातेय.

तुमच्या गटाने सामाईक कोंबड्या, शेळ्या किंवा भाजी दोन वर्षांच्या वर टिकवली असेल, तर पाळी कशी लावली ते तुमच्या सीआरपी ताईंजवळ सांगा किंवा लिहून द्या. पुढच्या अंकात छापू.