असं का होतं? : एकाच चिपवर अडलेला प्रोग्राम

आंबिवलीहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल आज २५,००० व्होल्ट एसीवर धावते. पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी होता. बदलाच्या काळात दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या लागल्या. सॉफ्टवेअरचंही तसंच. कोड एकच, पण कंपायलर तो प्रत्येक प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो.

मग इंटेलच्या लॅपटॉपवर नीट चालणारा प्रोग्राम एआरएम चिपच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर का अडकतो? सी भाषेतला अक्षराचा बाइट इंटेलवर उणे आकडा धरतो, एआरएम लिनक्सवर सहसा धरत नाही. ‘फाइल संपली’ सांगणारा उणे १ तिथे २५५ होतो आणि प्रोग्राम शेवटाची वाट पाहतच राहतो! कंपायलरला ‘बाइट उणे धर’ असं बजावून वेळ निभते. मला मात्र खरा इलाज वाटतो तो फाइल वाचताना मिळणारं उत्तर बाइटऐवजी मोठ्या ‘इंट’मध्ये ठेवण्याचा.